चाच्यांचं जहाज: बांधणी, तोफा आणि बाकीचा सरंजाम

दर्याकाठचा

सिनेमात चाच्यांचं जहाज आलं की ते तीन मजली असतं, दोन्ही अंगांना तोफांच्या रांगा असतात आणि कप्तान सुकाणूवर उभा राहून आरोळ्या ठोकत असतो. असलं जहाज कुठल्या गोदीत बांधलं, सागवान की ओक, सुतारांना मजुरी कोणी दिली, हे कोणी विचारत नाही. खरी गोष्ट अशी की १७१५ ते १७२५ या काळातल्या कॅरिबियन चाच्यांनी मोठी जहाजं बांधलीच नाहीत. पळवली, आणि मग आपल्या सोयीने तोडफोड करून घेतली. त्यामुळे त्यांच्या जहाजांची रचना समजून घ्यायची तर मूळ जहाज कोणतं होतं आणि त्यातलं काय काढलं, काय घातलं, हे बघावं लागतं.

उत्तम दाखला ब्लॅकबिअर्डचा, म्हणजे एडवर्ड टीचचा. त्याचं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' हे मुळात 'ला काँकॉर्द' नावाचं, फ्रान्समधल्या नाँत बंदराचं गुलामवाहू जहाज. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं कोंबून ते मार्टिनिककडे निघालं होतं. नोव्हेंबर १७१७ मध्ये टीचने त्याला गाठलं. त्याच्याकडे दोनच स्लूप (एका डोलकाठीची लहान जहाजं) होत्या. एकीवर १२ तोफा आणि १२० माणसं, दुसरीवर ८ तोफा आणि ३० माणसं. काँकॉर्दवरही तोफा होत्या, पण वाटेत १६ खलाशी दगावलेले आणि ३६ जण स्कर्व्ही नि हगवणीने आडवे झालेले. तोफांना बत्ती द्यायला हात होते कुठे?

गुलामवाहू जहाज चाच्यांना हवंहवंसं वाटे याची कारणं किळसवाणी आहेत, पण तांत्रिकदृष्ट्या सरळ आहेत. सफर लांबली की खालच्या कोठ्यात माणसं मरत आणि मालकाचा नफा बुडे, म्हणून ही जहाजं वेगवान. पोट मोठं. दुमजली कोठ्यांना हवेसाठी झरोके. आणि कैद्यांचं बंड व शत्रू या दोन्ही भीतींपायी तोफा आधीपासून बसवलेल्या. टीचने जहाज घेतलं तेव्हा सुतार आणि शल्यवैद्य जबरदस्तीने ठेवून घेतले. उरलेल्या फ्रेंचांना एक लहान स्लूप दिली आणि कैद्यांपैकी बहुतेकांना त्यांच्याच हवाली केलं. ते पुढे मार्टिनिकला विकले गेले. चाचे म्हणजे समतेचे पाईक वगैरे जे हल्ली वाचायला मिळतं, त्यापुढे हे ठेवून बघा.

मग या जहाजावर तोफा चढत गेल्या, सांगतात त्याप्रमाणे ४० पर्यंत. मे १७१८ मध्ये याच जहाजाच्या जोरावर त्याने चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी केली, आणि खंडणी म्हणून मागितली काय तर औषधांची पेटी! पुढच्याच महिन्यात ब्यूफर्टच्या मुखाशी जहाज वाळूत रुतलं. १९९६ साली ते सापडलं. त्यावर पुढे लिहितो, आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

तोफखाना

मस्त विषय. ४० तोफा म्हणजे नेमक्या किती पौंडी (किती पौंडांचा गोळा फेकणाऱ्या)? आरमारी जहाजावर ३२ पौंडी असायच्या. आणि चाच्यांनी तोफा कुठून आणल्या? त्याही पळवलेल्याच असणार, मग गोळे जुळवायचे कसे?

दर्याकाठचा

नेमकं दुखणं पकडलंत. अवशेषांत जवळपास ३० तोफा सापडल्या, आणि तो सगळा कारभार मिसळीचा. काही इंग्लंडमध्ये ओतलेल्या, काही स्वीडनमध्ये. बहुतेक लहान: सहा पौंडी, चार पौंडी, अगदी एक पौंडीसुद्धा. ३२ पौंडी तोफ पेलायला जहाजाच्या बरगड्याच वेगळ्या लागतात, व्यापारी जहाजाच्या त्या नसतात. गोळ्यांचा घोळ होतच असणार. सहा पौंडीचा गोळा चार पौंडीच्या नळीत जाणार नाही, आणि चार पौंडीचा सहा पौंडीत घातला तर बाजूने वायू निसटून तो जवळच पडणार.

पण चाच्यांना गोळ्यांची फारशी गरज नव्हती. समोरचं जहाज बुडवून त्यांना काय मिळणार? त्यांना ते धड हवं, मालासकट. म्हणून अवशेषांत शिशाचे छर्रे ढिगाने मिळाले. खिळे आणि काचांचे तुकडे पिशवीत भरून केलेला माराही मिळाला. हे प्रकार लाकूड फोडत नाहीत. शिडं, दोर आणि माणसं फाडतात. दोन अर्धगोल साखळीने जोडून मारले की परबाण (शीड ताणायची आडवी काठी), दोरखंड सगळं खाली येतं आणि जहाज जागच्या जागी लंगडं होतं.

एक गंमत: पाठीमागून भरायच्या एका तोफेच्या दारूच्या कोठीत कागदाचे चिटोरे सापडले. तपासल्यावर ते १७१२ साली छापलेल्या एका सागरी प्रवासवर्णनाचे निघाले. कोणीतरी पुस्तकाची पानं फाडून तोफेत ठासली होती.

चहाटळ

प्रवासवर्णनांचा इतका चांगला उपयोग मी आजवर ऐकला नव्हता. इथल्या काही लेखमालांसाठी तोफा मागवाव्यात काय?

जडशीळ

माझा धंदा जहाजबांधणीचा आहे म्हणून विचारतो. सहा पौंडी तोफ गाड्यासकट एक टनाच्या आगेमागे भरते. ही टनावारी पाण्याच्या रेषेच्या वर ठेवली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जहाज कलल्यावर सरळ व्हायला आळस करतं. मूळ १६ तोफांसाठी आखलेल्या तळावर ४० चढवायच्या, शिवाय ७५ ऐवजी दोनअडीचशे माणसं, हे मला पटत नाही. त्यांनी तळाला दगडांची भर वाढवली असेल, पण मग जहाज खोल बसणार आणि वेग जाणार.

दर्याकाठचा

जडशीळ, तुमचा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे. यातून त्यांनी काढलेली वाट म्हणजे वरचं बाकी सगळं काढून टाकणं. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सने १७२१ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीचं 'ऑन्स्लो' पळवलं तेव्हा आतल्या भिंती पाडल्या आणि डेक एका पातळीत सपाट केला. नाव ठेवलं 'रॉयल फॉर्च्युन', तोफा ४०. सपाट डेकचे फायदे तीन: वरचं वजन गेलं, वाऱ्याला अडणारा लाकूडफाटा गेला, आणि माणसांना धावायला मोकळं मैदान मिळालं. कप्तानाची सजवलेली खोलीही त्यात गेली. तसंही चाच्यांच्या जहाजावर कप्तानाच्या खोलीत कोणीही घुसू शके.

सगळ्या तोफा वर मांडलेल्या असतच असंही नाही. सॅम बेलामीच्या 'व्हिडा'वर मुळात १८ तोफा होत्या, त्याने २८ केल्या, आणि जास्तीच्या खाली पोटात ठेवलेल्या होत्या. तरी एप्रिल १७१७ मध्ये केप कॉडजवळच्या वादळात ते वाळूच्या पट्टीवर आपटलं, मुख्य डोलकाठी मोडली आणि जहाज उलटलं. त्यावरचे दोघेच वाचले. १९८४ मध्ये अवशेष मिळाले आणि पुढच्या वर्षी नाव कोरलेली घंटाच वर आली, त्यामुळे ओळखीबद्दल वाद उरला नाही.

रेवदंड्याची

मोठ्या जहाजांचं झालं, पण तळाचं काय? आमच्या घरात होडी आहे म्हणून डोक्यात आधी तेच येतं. पावसाळ्याआधी होडी वर ओढून तळ खरवडला नाही तर शेवाळ, कालवं चिकटून ती म्हशीसारखी चालते. आणि लाकूड पोखरणारा किडा लागला तर विचारूच नका. पूर्वी आपल्याकडे तळाला चुना आणि तेल फासत. चाच्यांना कुठल्या बंदरात कोण उभं करणार होतं?

दर्याकाठचा

रेवदंड्याची ताई, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही मांडलात. चाच्यांचा जीव वेगावर, आणि वेग तळावर. तांब्याचा पत्रा तळाला ठोकायची युक्ती ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म'वर करून पाहिली, म्हणजे चाच्यांचा जमाना संपल्यावर. त्याआधी एकच उपाय होता: आडबाजूची पुळण शोधायची, भरतीला जहाज आत घ्यायचं, तोफा, नांगर, पिंपं सगळं किनाऱ्यावर उतरवायचं आणि डोलकाठ्यांना दोर बांधून जहाज एका कुशीवर पाडायचं. मग पेटत्या काटक्यांनी शेवाळ जाळायचं, खरवडायचं, सडक्या फळ्या बदलायच्या, फटीत दोराचे धागे ठासून डांबर ओतायचं आणि वरून चरबी-गंधकाचा लेप द्यायचा. की परत दुसरी कूस.

या काळात चाचे अगदी असहाय. तोफा वाळूत आणि जहाज आडवं. म्हणून जागा अशी निवडायची की मोठी आरमारी जहाजं आत येऊच शकणार नाहीत. बहामाचं नासाऊ बंदर त्यांना मानवलं त्याचं मोठं कारण हेच, उथळ पाणी.

यामुळेच मोठ्या जहाजांपेक्षा स्लूप हेच चाच्यांचं खरं वाहन होतं असं माझं मत. एकच डोलकाठी, मागेपुढे ताणलेली मोठी शिडं, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडाशी जास्त जवळून जाता येतं. बर्म्युडा आणि जमैकाचे सुतार या बांधणीत वाकबगार, आणि बर्म्युडाचं सीडर लाकूड हलकं नि किड्याला दाद न देणारं. आठदहा तोफा आणि साठसत्तर माणसं. तळ साफ करायचा तर चारपाच दिवसांत मोकळं.

अटलांटिकवाला

नॉर्थ कॅरोलायनात राहतो, म्हणून चार ओळी. ब्यूफर्टच्या सागरी संग्रहालयात या जहाजातल्या वस्तू मांडल्या आहेत. लोक तोफांपुढे फोटो काढतात आणि पुढे जातात. मला थांबवलं ते लघवीच्या वाटेत औषध घालायच्या पिचकारीने. आत पाऱ्याचे अंश सापडले आहेत. गुप्तरोगावर तेव्हा पारा देत. चार्ल्सटनला औषधांची पेटी का मागितली असेल याचा अंदाज तिथेच येतो.

उथळ पाण्याचं म्हणाल तर ऑक्राकोकला जाऊन उभं राहा. वाळूचे पट्टे, मधे अरुंद वाटा, त्याही दर वादळानंतर हलणाऱ्या. व्हर्जिनियाचा गव्हर्नर स्पॉट्सवुडकडे 'लाइम' आणि 'पर्ल' ही आरमारी जहाजं होती, पण ती इथे रुतली असती. म्हणून लेफ्टनंट मेनार्डला दोन भाड्याच्या स्लूप देऊन पाठवलं. त्यांच्यावर एकही तोफ नव्हती.

२२ नोव्हेंबर १७१८. टीचकडे 'ॲडव्हेंचर' नावाची स्लूप, तोफा आठनऊ आणि माणसं वीसेक. त्याने छर्ऱ्यांची एकच फैर झाडली आणि मेनार्डची वीसच्या वर माणसं पडली. मेनार्डने उरलेल्यांना खाली दडवलं. डेक रिकामा दिसला म्हणून टीच हातबाँब फेकून उडी मारून आला, आणि खालून हे सगळे वर आले. त्याच्या अंगावर गोळ्यांच्या पाच आणि तलवारीच्या वीस जखमा मोजल्या असं मेनार्डने लिहून ठेवलंय. ४० तोफांचं जहाज मिरवणारा माणूस शेवटी डेकवरच्या हातघाईत गेला.

तोफखाना

हातघाईची हत्यारं कोणती? तलवार लांब असली तर दोरांत अडकणार.

दर्याकाठचा

म्हणूनच आखूड, रुंद, जरा बाकदार पात्याची तलवार. दोर तोडायला आणि जहाजाच्या अंगावर चढताना लाकडात रुतवायला कुऱ्हाड. पिस्तुलं एकाच बाराची, भिजली की ठोकळा, म्हणून एकेक जण दोरीला बांधून तीनचार लटकवी. चांगल्या जोडीसाठी रॉबर्ट्सच्या जहाजावर ३०-४० पौंडांपर्यंत बोली लागे, आणि हत्यारं साफसूफ ठेवण्याचं कलम त्यांच्या करारनाम्यातच होतं. हातबाँब म्हणजे पोकळ लोखंडी गोळा, आत दारू, वर वात. 'व्हिडा'तून असे मिळालेत. कठड्यावर खुंटीवर फिरणाऱ्या जंबुऱ्या, म्हणजे लहान तोफा, असत. एक माणूस चालवू शके आणि डेकवरची गर्दी झोडपायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

खरं तर सगळ्यात प्रभावी हत्यार झेंडा. साध्या व्यापारी जहाजावर वीसतीस खलाशी, पगार तुटपुंजा, मालकाच्या मालासाठी मरायची हौस कोणाला? काळा झेंडा वर गेला की 'शरण या, जीव वाचेल' असा निरोप. लाल लावला तर तीही सवलत नाही. बहुतेक जहाजं एकही बार न उडवता हाती येत. रॉबर्ट्सने शेकडो जहाजं धरली, पण १० फेब्रुवारी १७२२ ला केप लोपेझपाशी खरंखुरं ५० तोफांचं आरमारी 'स्वॉलो' समोर आलं तेव्हा तो पहिल्या माऱ्यातच गेला. आदल्या दिवशी पकडलेल्या जहाजावरची दारू पिऊन त्याची निम्मी माणसं टेकलेली होती, ते वेगळंच.

अबोली

हे सगळं तिकडचं. सुरतेच्या 'गंज-इ-सवाई'ची लूट याच प्रकारात येते ना? ते तर औरंगजेबाचं जहाज, चाच्यांच्या जहाजापेक्षा किती तरी मोठं. मग हरलं कसं?

दर्याकाठचा

हो, सप्टेंबर १६९५. हेन्री एव्हरीचं 'फॅन्सी' मुळात 'चार्ल्स सेकंड' नावाचं ४६ तोफांचं इंग्रजी जहाज. पगार थकला म्हणून १६९४ मध्ये खलाशांनी स्पेनच्या ला कोरुन्याला बंड करून पळवलं. त्याचंही वरचं बांधकाम एव्हरीने छाटून टाकलं, त्यामुळे हिंदी महासागरात त्याला गाठेल असं फार थोडं होतं.

गंज-इ-सवाई मोखा-जेद्दाहून यात्रेकरू आणि पैसा घेऊन परतत होतं. मुघल इतिहासकार खाफी खान लिहितो की त्यावर ८० तोफा, ४०० बंदुका आणि ५२ लाख रुपयांचं सोनंनाणं होतं, आणि इंग्रजांकडे याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाही सरंजाम नव्हता. पण जहाजाने पहिली तोफ डागली ती फुटली आणि आपलीच माणसं मेली. त्याच सुमाराला इंग्रजांचा गोळा मुख्य डोलकाठीला लागला. डोलकाठी गेली की कितीही मोठं जहाज ओंडकाच. पुढे यात्रेकरूंवर आणि विशेषतः बायकांवर जे अत्याचार झाले ते वाचवत नाहीत. एव्हरीला 'चाच्यांचा राजा' म्हणून मिरवणाऱ्या लेखांत ते एका ओळीत उरकलेलं असतं.

अबोली

धन्यवाद. ८० हा आकडा मात्र मला फुगवलेला वाटतो. हार जितकी नामुष्कीची, तितक्या तोफा वाढवून सांगायचा मोह. किंवा त्यात लहान जंबुऱ्या धरल्या असतील.

सरखेलांचा_मावळा

एवढा धागा झाला आणि कान्होजी आंग्र्यांचं नाव नाही? की इंग्रजांसारखं तुम्हीही त्यांना चाच्यांत घालणार म्हणून थांबलात? आधीच सांगून ठेवतो, ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते.

दर्याकाठचा

मावळे, तलवार म्यान करा. मी त्यांना चाच्यांत घालत नाही, आणि कारण भावनेचं नाही, जहाजांचंच आहे.

वर जितकी जहाजं आली ती दुसऱ्याची, उसनी. आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं त्यांच्या स्वतःच्या कामासाठी, आपल्या किनाऱ्यासाठी बांधलेली. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने वर्णन दिलंय: गुराब दोन डोलकाठ्यांचं असेल तर दीडशे टनांपर्यंत, तीनचं असेल तर तीनशे. लांबीच्या मानाने बरंच रुंद, पुढे निमुळतं होत गेलेलं आणि नाळ (जहाजाचं पुढचं टोक) लांब पुढे आलेली. त्या नाळेच्या मागे, समोर तोंड करून, नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. युरोपी जहाजाची ताकद बाजूला, त्याला मारा करायला आडवं व्हावं लागतं. गुराब समोर चालून येतानाच मारतं.

गलबत त्याहून लहान, क्वचित सत्तर टनांवर. चाळीसपन्नास वल्ही, एक मोठं तिकोनी शीड, आणि वजन कमी राहावं म्हणून डेक चिरलेल्या बांबूंचा. वारा पडला की इंग्रजांचं भलंथोरलं जहाज थिजून उभं राहतं. तेव्हा गलबतं वल्हवत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला आणत, कारण पिछाडीला तोफा कमी. मग डोलकाठ्या आणि दोरांवर मारा. जहाज लंगडं झालं की चहूबाजूंनी गलबतं भिडवून दोनदोनशे माणसं चढवायची. १७३५ च्या अखेरीस संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' धरलं, ते असंच किनाऱ्यालगत.

यामागे सागवानाचा पुरवठा, सुतार, गोलंदाज, किल्ले, दस्तकांचा (समुद्रात फिरायच्या परवान्यांचा) महसूल, सगळं उभं आहे. विजयदुर्गाच्या खाडीत गिर्याला खडकात कोरलेली गोदी आजही बघता येते. दर पकडलेल्या जहाजावर कसंबसं भागवणाऱ्याकडे गोदी नसते.

जडशीळ

तर्क आवडला, पण पूर्ण मान्य नाही. कॅप्टन किडचं 'ॲडव्हेंचर गॅली' तर खास बांधलेलं होतं की! १६९५, इंग्लंडमधलं डेप्टफर्ड. ३४ तोफा आणि वर वल्हीसुद्धा.

दर्याकाठचा

बांधलं तेव्हा किड चाचा नव्हता, चाच्यांना आणि फ्रेंचांना पकडायचा परवाना घेऊन निघाला होता. पैसे इंग्लंडच्या बड्या सरदारांचे. परवाना गेला आणि गोदीही गेली. दीडदोन वर्षांत जहाज इतकं गळू लागलं की मादागास्करजवळ सें मारी बेटावर सोडून द्यावं लागलं. पुढे तो फिरला ते १६९८ च्या जानेवारीत मलबार किनाऱ्यावर पकडलेल्या 'केदा मर्चंट'वरून. म्हणजे पुन्हा पळवलेलं जहाज! त्याचे अवशेष २००७ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ सापडले, आणि लाकूड निघालं पश्चिम हिंदुस्थानातलं सागवान.

सरखेलांचा_मावळा

तलवार म्यान. पण मग आंग्र्यांची इतकी चांगली गलबतं १७५६ मध्ये एका दिवसात कशी संपली?

दर्याकाठचा

उघड्या समुद्रात नाही संपली. इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर आले तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, खाडीत एकमेकांना खेटून नांगरलेलं होतं. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि दोरादोरांवरून सगळीकडे पसरली. ही जहाजं वाऱ्याच्या पडीत, मोकळ्या पाण्यात, स्वतः वेळ निवडून लढायची. बांधून ठेवली की त्यांचा एकही गुण कामाचा नाही. आणि किल्ल्याच्या जमिनीकडच्या अंगाला पेशव्यांचं सैन्य होतं, तो वेगळा धागा होईल आणि त्यात भांडणंही होतील.

रेवदंड्याची

एक राहिलं. बांबूचा डेक आणि वल्ही, म्हणजे ही गलबतं पावसाळ्यात समुद्रात घालता येणारच नाहीत. मग चार महिने इंग्रजांना मोकळं रान?

दर्याकाठचा

इंग्रजांनाही नाही. नैर्ऋत्य वाऱ्यात हा किनारा त्यांच्या जहाजांना सरळ खडकांवर ढकलतो, ते स्वतःच मुंबईत नांगर टाकून बसत. मोहिमांचे महिने बघा: खांदेरी नोव्हेंबर १७१८, पोर्तुगीजांना घेऊन कुलाबा डिसेंबर १७२१, सुवर्णदुर्ग एप्रिल १७५५, विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६. जून ते ऑगस्टमध्ये दोन्हीकडचे सुतार तळ खरवडत असत.